दीड हजाराची पेन्शन, तीन हजारांचे डायपर

मेडिकलच्या दुकानात मोठ्या माणसांचे डायपर मागितले की दुकानदार आवाज खाली करतो. आत जातो, पुडा वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी चढवतो आणि मग हातात देतो. शेजारचं गिऱ्हाईक बघतंय का हे आधी तो बघतो, मग मी बघतो. तीन वर्षं हेच चाललंय. आपल्या गावात दारूची बाटली नेणारासुद्धा एवढा लपत नाही.

आज यावर उघड लिहितोय. आईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिही की. मी काय एकटी हाय व्हय तसली?"

आई 74 वर्षांची आहे. इचलकरंजीत मागावर कांड्या भरण्यात तिची तीस वर्षं गेली. मी एका सायझिंगमध्ये हिशोब लिहितो, बायको गारमेंटला शिवणकामाला जाते. दोन पोरं शाळेत. म्हणजे घर कसं चालतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आईचं सुरुवातीला खोकला-शिंक आली की थेंब-दोन थेंब व्हायचं. मग संडासच्या दारापर्यंत जाईस्तोवर लुगडं ओलं व्हायला लागलं. तिनं आम्हाला काही सांगितलं नाही. स्वतःच उपाय केले. पाणी पिणं कमी केलं. भजनाला जाणं बंद, लग्नाकार्याला जाणं बंद. जुन्या लुगड्याचे तुकडे वापरायची आणि रात्री गुपचूप धुऊन पलंगाखाली दोरीवर वाळत घालायची. आम्हाला वाटलं, वय झालं, चिडचिडी झाली, माणसात मिसळत नाही. वर्षभर एका घरात राहून आम्हाला पत्ता नाही, ही माझी चूक. ती मान्य करूनच पुढचं लिहितो.

एक दिवस थंडी वाजून ताप आला आणि ती असंबद्ध बोलायला लागली. लघवीत इन्फेक्शन, शुगर वाढलेली. चार दिवस ॲडमिट. बिल अठरा हजार, पतसंस्थेतून उचल घेऊन भरलं. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "आजी, लघवी कधीपासून सुटते?" आईनं आधी आमच्याकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "झालं की दोन वर्सं."

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. पाणी कमी प्यायल्यानं लघवी सुटणं थांबत नाही. लघवी घट्ट होते, आतल्या पिशवीला झोंबते, उलट जास्त वेळा लागते आणि इन्फेक्शनला दार उघडतं. आईनं लाजेपोटी पाणी तोडलं आणि त्याची किंमत अठरा हजार झाली. लाज लई महाग पडते, मंडळी.

आता पैशाचा हिशोब मांडतो, कारण तो कुणीच मांडत नाही.

आम्ही घेतो तो डायपर साधारण पस्तीस रुपयांना एक पडतो. दिवसरात्र डायपरच लावायचा म्हटलं तर किमान तीन लागतात. दिवसाला एकशे पाच, महिन्याला तीन हजार दीडशे. पोट बिघडलं तर आणखी जास्त. आणि श्रावणबाळ योजनेची पेन्शन महिन्याला दीड हजार. म्हणजे म्हातारीची अख्खी पेन्शन पंधरा दिवसांच्या डायपरमध्ये जाते. शुगरच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, चहा-साखर हे अजून बाजूलाच आहे.

सरकारी मदत अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये आली. 65 वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला एकदाच तीन हजार रुपये. कशासाठी? चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, कमोड खुर्ची. यादी चांगली आहे. पण कमोड खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीच जिची लघवी सुटते, तिच्यासाठी त्या यादीत काय आहे? आणि ही गरज एकदाची नाही, रोजची आहे.

टॅक्सचंही बघा. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी 2018 च्या जुलैत शून्य झाला. बायकांनी, पोरींनी देशभर आवाज उठवला म्हणून झाला आणि चांगलंच झालं. मोठ्यांच्या डायपरवर मात्र 12 टक्के चालूच राहिला. तो 5 टक्क्यांवर आला 22 सप्टेंबर 2025 ला. मधल्या सात वर्षांत यावर कुठं मोर्चा निघालेला मला आठवत नाही. कोण काढणार? ज्यांना डायपर लागतो ते घराबाहेर पडत नाहीत आणि जे विकत आणतात ते काळ्या पिशवीत लपवून आणतात.

आता आमचं घर हे कसं निभावतं ते लिहितो. हा डॉक्टरी सल्ला नाही, तीन वर्षांचा अनुभव आहे.

पहिलं म्हणजे, डायपर आणायच्या आधी डॉक्टरकडं जा. आम्ही उलटं केलं. लघवी सुटण्याला कारणं असतात आणि त्यातली बरीच आटोक्यात येतात. इन्फेक्शन, वाढलेली शुगर, बद्धकोष्ठता, बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणं, पुरुषांत प्रोस्टेट. गोळीची वेळ मनानं बदलू नका, पण विचारा जरूर. काही जणांचा प्रश्न लघवीचा नसतोच, गुडघ्याचा असतो. उठून चालत जाईस्तोवर उशीर होतो, बस्स.

दुसरं, घड्याळ. लघवी लागायची वाट न बघता दर दोन तासांनी आईला उठवून नेतो. सुरुवातीला ती वैतागली. आता स्वतःच विचारते, "वाजलं किती?" चहा पाचवरून दोनवर आणला. पाणी दिवसभर थोडं थोडं, झोपायच्या आधीचे दोन तास कमी. लुगडं सोडून गाऊन घालायला तयार करायला महिना गेला, पण त्यानं निम्मी भिजाभीज वाचली.

तिसरं, व्यायाम. वारा सरताना अडवतो तसं खालचं अंग आत ओढायचं, पाच अंक मोजायचे, सैल सोडायचं, परत पाच मोजायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करता करता करायचा नाही. फरक दिसायला तीन महिने लागतात आणि खर्च शून्य. बाळंतपणानंतर खोकताना थेंब जाणाऱ्या तिशी-चाळिशीच्या बायकांनी तर हा आजच सुरू करावा. माझी बायकोही करते. तिला विचारून लिहितोय हेही.

चौथं, दिवसा कापड, रात्री डायपर. जुनं सुती लुगडं आणि जुना टॉवेल यांचे थर लावून बायकोनं बारा घड्या शिवल्या. निकरमध्ये नीट बसतात. अंथरुणावर मेणकापड आणि त्यावर चौघडी. मेणकापड थेट अंगाला लागू द्यायचं नाही, घामानं कातडी सोलते. डायपर फक्त रात्री, महिन्याला तीस. म्हणजे हजार-पन्नास रुपये. साबण, मलम धरून तेराशेच्या आत भागतं. तीन हजारांवरून तेराशे. पेन्शनमधून दोनशे रुपये आईच्या हातात राहतात. त्यातून ती नातवंडांना गोळ्या-बिस्किटं घेऊन देते आणि तेवढ्यानं तिचा चेहरा बदलतो.

पाचवं, ज्यात आमचे पैसे फुकट गेले ते. एकावर एक दोन डायपर लावू नका. आतल्याला बाहेरून प्लास्टिक असतं, त्यामुळं बाहेरचा कोराच राहतो आणि गळती बाजूनं होते. पाळीचे पॅड लघवीसाठी बनवलेले नसतात, एका लोंढ्यात हरतात. ओला डायपर "अजून थोडा चालेल" म्हणून ठेवू नका. कातडी लाल झाली, जखम झाली की मलमपट्टीचा खर्च चार डायपरपेक्षा जास्त. धुवा, टिपून कोरडं करा, मग मलम लावा. घड्या उन्हात उघड्यावर वाळवा. पलंगाखाली वाळवलेल्या दमट कापडानंच आईला पुरळ उठलं होतं. धुताना कपडे मऊ करणारं ते लिक्विड घालू नका, कापड पाणी शोषायचं थांबतं.

डायपर घेताना एकदा जनऔषधी केंद्रात भाव विचारा. त्यांच्या मालात मोठ्यांचे डायपर असतात. दुकानात नसतील तर मागवायला सांगा. मागणी झाल्याशिवाय ठेवणार तरी कोण?

आता मुद्द्याचं. कापड वापरा म्हणणं सोपं आहे, पण धुवायला पाणी? आपल्याकडं नळ किती दिवसांनी येतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. उशाला पंचगंगा, सुळकूडच्या पाण्याच्या चर्चा ऐकून कान किटले आणि घरात बॅरल भरून ठेवायचं. आम्ही बाकीच्या कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी राखून ठेवतो, त्यात घड्यांचा पहिला हात मारतो. तरी रोजच्या दोन-तीन बादल्या जातात. उन्हाळ्यात टँकर चुकला की त्या आठवड्यात कापड बंद, डायपर चालू, आणि बजेट कोलमडलं. म्हणजे नळ आला नाही तर त्याचं बिल म्हातारीच्या पेन्शनमधून वळतं होतं. पाण्याच्या आंदोलनात हा हिशोब कुणी मांडलेला मी ऐकलेला नाही. म्हणून इथं मांडतोय.

आणि वापरलेला डायपर टाकायचा कुठं? बरेच जण गटारीत टाकतात, गटार तुंबतं, मग आपणच शिव्या देतो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत डायपर आणि पॅड वेगळे गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, ते गुंडाळायला कंपन्यांनी पिशवी द्यावी असंही म्हटलं होतं. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक भगिनींनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. आम्ही तेच करतो. पोराची लाल स्केचपेन त्याच कामाला ठेवलीय. घाण आपल्या घरची, ती दुसऱ्या आईच्या हाताला का लागावी?

माझ्या मागण्या चारच आहेत, आणि आकाशातला चंद्र मागत नाही.

एक, वयोश्रीसारख्या योजनेत डायपर, धुवून वापरायचे पॅड आणि मेणकापड घाला. ज्याला डॉक्टर लिहून देतील त्याला दरमहा द्या, एकदाच नको.

दोन, आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासताना प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा, "लघवी सुटते का?" या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. आईला तो दोन वर्षं आधी कुणी विचारला असता तर आमचे अठरा हजार वाचले असते.

तीन, घंटागाडीला डायपर-पॅडसाठी वेगळा डबा, आणि बाजारात, स्टँडवर प्रत्येक सार्वजनिक शौचालयात धरायला दांडी असलेलं एक तरी कमोड. ते नाही म्हणून कितीतरी म्हातारी माणसं घराबाहेरच पडत नाहीत.

चार ही मागणी सरकारकडं नाही, आपल्याकडंच आहे. हे कापडाचं गाव. इथलं पॉपलीन, इथली धोतरं देशभर जातात. शिवणाऱ्या हातांची इथं कमी नाही. एखाद्या बचत गटानं चांगले धुवायचे पॅड शिवून स्वस्तात विकायला घेतले तर गिऱ्हाईक गल्लोगल्ली आहे, फक्त ते तोंड उघडत नाही. कुणी पुढं येत असेल तर बायको नमुना द्यायला आणि शिकवायला तयार आहे.

मत मागायला दारात येणाऱ्याला रस्ता, गटार, पाणी विचारतोच आपण. त्यात हेही विचारा. हसला तर त्याच्या आईचं वय विचारा.

आई गेल्या एकादशीला बऱ्याच दिवसांनी भजनाला गेली. निघताना पिशवीत एक जादा घडी आणि गाऊन ठेवला. दीड तास बसली, मधे एकदा उठली. परत आल्यावर म्हणाली, "शेजारची म्हातारी पण मधीच उठून गेली रं. मला कळलं कशापायी ते. उद्या जाऊन सांगते तिला घड्यांचं."

मी दुकानदाराला सांगितलंय, पुढच्या वेळी काळी पिशवी नको. तुमच्या घरात कुणाला हा त्रास असेल तर आज रात्री जवळ बसून एकदा विचारा. आणि खर्च वाचवायची तुमची काही युक्ती असेल तर खाली लिहा. नाव लिहायचं नसेल तर मला मेसेज करा, मी नाव न घालता सगळ्यांसाठी टाकतो.