नांदायला न जाण्याचा हक्क

थोर स्त्रियांचे स्मरण करण्याची एक सुरक्षित रीत आपल्या समाजाने शोधून काढली आहे. त्यांच्या पदव्या मोजायच्या, 'पहिली' हे विशेषण लावायचे आणि त्यांनी ज्या व्यवस्थेशी झुंज घेतली तिचा उल्लेख टाळायचा. डॉ. रखमाबाईंच्या वाट्याला हेच आले. प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी एक, एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. पण डॉक्टर होण्यापूर्वी या बाईने भर न्यायालयात एक नकार दिला होता. तो नकार बाजूला ठेवला तर त्यांच्या चरित्रातले तेजच निघून जाते.

१८८७ सालातला एक आठवडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेत शिकून परतलेल्या आनंदीबाईंची नेमणूक आपल्या कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर झाली होती. परंतु क्षयाने त्यांना ती जागा सांभाळू दिली नाही. सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ मार्चला, मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना आदेश दिला की, नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. आनंदीबाईंसाठी हळहळणाऱ्या सनातनी पुढाऱ्यांनी रखमाबाईंवर मात्र टीकेची झोड उठवली. दोघीही शिकू पाहणाऱ्या, मग हा भेद का? आनंदीबाई शिकल्या त्या पतीच्या इच्छेने. रखमाबाई उभ्या राहिल्या त्या स्वतःच्या इच्छेने. समाजाला स्त्रीची विद्या तेव्हाही सोसत होती. तिची इच्छा सोसत नव्हती.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, सुतार ज्ञातीतला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावण्यात आले, पण त्या माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. जनार्दन पांडुरंगांची मालमत्ता रखमाबाईंच्या नावे झालेली होती, हेही विसरता कामा नये. कारण ज्याला 'पतीचा धर्मसिद्ध अधिकार' म्हटले गेले, त्याच्या मागे मालमत्तेची वाट किती वेळा दडलेली असते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. १८८४ मध्ये दादाजीने ताब्यासाठी दावा लावला. रखमाबाईंचे उत्तर सरळ होते: जे लग्न समजण्याचे वय होण्यापूर्वी लावले, ज्याला माझी संमती नव्हती, ते मला बांधू शकत नाही.

१८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांच्या निकालातील एक मुद्दा मोठा बोचरा होता. बायकोला न्यायालयामार्फत ओढून आणण्याचा हा उपाय मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच, तो इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातून येथे आलेला आहे! म्हणजे धर्म बुडाला म्हणून ओरडणारे लोक प्रत्यक्षात साहेबाच्या कायद्याचेच रक्षण करीत होते. १८८६ मध्ये अपिलात हा निकाल फिरला आणि पुढच्या वर्षी न्या. फॅरन यांचा आदेश आला. रखमाबाईंच्या बाजूने मलबारी होते, रानडे होते. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने मात्र त्यांच्या शिक्षणालाच दोष दिला. परकी सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, हा त्यांचा मुद्दा होता. परकी सत्तेविषयीचा तो संताप खराच होता. पण 'आमचे घर' म्हणताना त्या घरात कोंडलेल्या बाईला कोणी विचारले होते का? अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली आणि दुसरे लग्नही केले. कायद्याने त्याला ती मुभा होती, रखमाबाईंना नव्हती.

१८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परतल्यावर त्यांनी मुंबईत श्रीमंतांसाठी दवाखाना थाटला नाही. सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन तपांच्या आसपास नोकरी केली. बाळंतपणासाठी रुग्णालयात पाऊल टाकायला बायका भीत, तेव्हा एका गाभण शेळीची सुटका रुग्णालयात करून त्यांनी ती भीती घालवली, असे सांगतात. निवृत्तीच्या सुमारास पडदापद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली. मात्र १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर याच रखमाबाईंनी वैधव्याची वस्त्रे नेसली. रूढी माणसाच्या अंतरंगात किती खोल रुजलेली असते याची ही साक्ष आहे; तिच्यामुळे त्यांचा लढा लहान ठरत नाही.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई वारल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याच्या नवव्या कलमात नांदायला आणण्याचा तोच दावा, शब्द बदलून, स्वतंत्र भारताने कायम ठेवला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. आज या हुकुमासाठी कोणी तुरुंगात जात नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. कलम नवरा आणि बायको दोघांनाही सारखेच लागू आहे, असे त्याचे समर्थन केले जाते. ज्या समाजात घर, शेत आणि मिळकत बहुधा पुरुषाच्या नावावर असते, तेथे ही समानता कागदावरची राहते. पोटगी मागणाऱ्या बाईला उत्तर म्हणून 'मी तिला नांदवायला तयार आहे' असा दावा ठोकणे, हे आता वकिली डावपेचातले नेहमीचे शस्त्र झाले आहे.

इचलकरंजीच्या कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटू नये. १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून येथील कापडाच्या प्रत्येक मीटरमध्ये बाईचे श्रम आहेत. कांडी भरणारी कांडीवाली कापड मोजण्याच्या हिशेबात मात्र सर्वांत शेवटी येते. मातृत्व लाभाच्या कायद्याने २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली. पण तिची अट दहा कामगारांची, आणि लहान लहान कारखान्यांत विभागलेल्या धंद्यात ती अट कितीजणींना लागू पडणार? मग ती बाळंतपणात काम गमावते, कमाई गमावते आणि घरातले तिचे बोलणेही गमावते. नांदायचे की नाही, हा प्रश्न ठरवण्यासाठी पायाखाली जी जमीन लागते ती मजुरीची असते. रखमाबाईंना वडिलांची मिळकत आणि सखाराम अर्जुनांसारखा आधार होता. कांडीवालीला संघटनेखेरीज काय आहे?

'आधी स्वराज्य, मग सामाजिक सुधारणा' असे त्या काळी म्हटले गेले. 'आधी मजुरीवाढ, मग बायकांचे प्रश्न' हे त्याच युक्तिवादाचे कामगार चळवळीतले रूप आहे. या जिल्ह्याला तरी ते शोभत नाही. ज्या कोल्हापूर संस्थानात इचलकरंजीची जहागीर होती, तेथे शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला. स्वराज्य येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

म्हणून करारनाम्याच्या पुढच्या मागणीपत्रकात कांडीवालीचा दर आणि बाळंतपणाची भरपाई या मागण्या तळाशी नव्हे, पहिल्या पानावर हव्यात. नवव्या कलमाच्या रद्दीची मागणी पक्षाच्या महिला आघाडीवर सोपवून मोकळे न होता, ती संपूर्ण पक्षाने उचलली पाहिजे. रखमाबाईंनी एकटीने सहा महिन्यांचा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती. संघटित माणसांकडून याहून कमी अपेक्षा धरता येणार नाही.