कारखान्यात परिचारिका, शेतात कोण?

बेंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की महानगराची हद्द संपता संपता होसकोटे लागते. मराठी वाचकांना हे नाव अगदीच परके नसावे. शहाजीराजांच्या बेंगळुरू जहागिरीत कोलारबरोबर होसकोटेही होते. आज या तालुक्यात दोन अर्थव्यवस्था एकमेकींना खेटून उभ्या आहेत. महामार्गालगत अवजड वाहनांचा कारखाना, लहानमोठे उद्योग आणि गोदामांच्या रांगा. त्यांच्या मागे भाजीपाला, द्राक्षे, फुले आणि रेशीमकिड्यांसाठी लावलेली तुती. कुंपणाच्या आतला कामगार आणि बाहेरचा शेतकरी पुष्कळदा एकाच गावचे, कधी एकाच घरातले असतात. कायद्याला मात्र त्यातला एकच दिसतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपचार कक्ष आणि तेथे वैद्यकीय व परिचर्या कर्मचारी असणे बंधनकारक केले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही उपचार कक्षाची तरतूद आहे. पाठीवर पंप घेऊन टोमॅटोवर फवारणी करणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याच्याकडे हजेरीपट नाही, मालक म्हणावा तर तो स्वतःच आहे, आणि मजूर असेल तर मालक रोज बदलतो. शेतीतील सुरक्षा व आरोग्य यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००१ चा करार भारताने अद्याप अनुसमर्थित केलेला नाही. देशातील सर्वांत मोठा व्यवसाय व्यावसायिक आरोग्याच्या नकाशाबाहेर राहिला आहे, असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे ठरत नाही.

याची किंमत यवतमाळने २०१७ साली मोजली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर चर्चा झाली ती बनावट कीटकनाशकांची, विक्रेत्यांची, मास्क आणि हातमोज्यांची. ती आवश्यकच होती. पण रुग्णशय्येच्या उशाशी रात्रभर उभे राहून कोणी काय पाहिले, याची चर्चा फारशी झाली नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाची बाधा झालेला रुग्ण येतो, तेव्हा पहिले काम परिचारिकेचे असते: विषाने भिजलेले कपडे उतरवणे, कातडी आणि केस साबणाने धुणे. मग ॲट्रोपिन. ते किती द्यायचे हे रुग्णाची छाती, घाम, नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या सांगतात, आणि हे सारे थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी तपासत राहावे लागते. कमी पडले तर फुप्फुसे स्रावाने भरतात. जास्त झाले तर रुग्ण तापतो, बरळू लागतो. एक ते चार दिवसांत, धोका टळला असे वाटत असतानाच, श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात. त्याची पहिली खूण अगदी साधी असते: रुग्णाला उशीवरून डोके उचलता येत नाही. ती खूण वेळेत दिसली तर कृत्रिम श्वासाची तयारी करता येते.

आता मुख्य मुद्दा. हे विष फवारताना अंगात गेले की जाणूनबुजून प्यायले गेले, याने ॲट्रोपिनला फरक पडत नाही. शासनाला मात्र पडतो. पहिला प्रकार कृषी खात्याचा, दुसरा पोलिसांचा आणि मनोविकारतज्ज्ञांचा. प्रत्यक्षात ही दोन दुःखे इतकी वेगळी नाहीत. अमेरिकेत आयोवा व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ पासून चालू असलेल्या शेती आरोग्य अभ्यासात, पूर्वी कीटकनाशकाची बाधा झालेल्या फवारणीकर्त्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण अधिक आढळले. आणि विषाची बाटली घरात हाताशी असणे हा स्वतंत्र धोका आहेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली. त्यांत शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक होती. ४,२४८ मृत्यूंसह महाराष्ट्र पहिला आणि २,३९२ मृत्यूंसह कर्नाटक दुसरा. या दोन्ही बाजू एकाच माणसात पाहू शकेल अशी व्यक्ती आरोग्यव्यवस्थेत बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे परिचारिका.

कर्नाटकाला हे नवे वाटू नये. बेंगळुरूच्या निमहान्सने आनेकल तालुक्यातील सकलवाडा येथे १९७० च्या दशकातच आरोग्य कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखण्याचे शिक्षण देण्याचा प्रयोग केला. १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला आणि १९९६ च्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा तोच पाया ठरला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. उलट अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभी केली, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. तज्ज्ञ कमी असले तरी साखळी जोडता येते, हा त्याचा धडा आहे.

या साखळीची कडी आज गावात हजर आहे. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जात आहेत आणि त्यांत परिचर्या पदवीधरांचा भरणा मोठा आहे. त्यांच्या विहित सेवांत मानसिक आरोग्याचाही समावेश आहे. व्यावसायिक आरोग्य मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. होसकोट्याच्या शेजारच्या देवनहळ्ळी तालुक्यात राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र आहे, बेंगळुरूत निमहान्स आहे, खुद्द होसकोट्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढे ज्ञान इतक्या जवळ असणारे तालुके देशात थोडेच असतील. ते बांधापर्यंत नेणारे पद तेवढे नाही.

म्हणून माझी सूचना माफक आहे. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत ‘काय काम करता, गेल्या आठवड्यात काय फवारले’ हा प्रश्न असावा. नियमित फवारणी करणाऱ्यांची हंगामापूर्वी आणि हंगामात रक्तातील कोलिनेस्टेरेजची तपासणी व्हावी. स्वतःच्या मूळ पातळीशी तुलना केल्याखेरीज त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. विषबाधेतून बरा होऊन घरी गेलेल्या प्रत्येकाकडे, कारण काहीही असो, परिचारिकेने ठरावीक काळ जात राहावे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याची पुढील काळजी घेणे हे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार सरकारचे कर्तव्यच आहे. आणि या कामासाठी व्यावसायिक व मनोरुग्ण परिचर्येचे प्रशिक्षण, बढतीची वाट आणि वेतन असावे. अमेरिकेने १९९० च्या सुमारास दहा राज्यांतील शेती वस्त्यांत अशा परिचारिका नेमून पाहिल्या होत्या. ही कल्पना हवेतली नाही.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की लसीकरण, बाळंतपणे आणि अर्जांचे ढीग यांखाली दबलेल्या परिचारिकेवर आणखी एक ओझे कशाला? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच अधिकार व मनुष्यबळ न देता केवळ काम वाढवणारे परिपत्रक मला मान्य नाही. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. भाव कोसळला, विहीर आटली, सावकार दारात उभा राहिला, तर परिचारिका काय करणार? काहीच नाही. कर्जाला समुपदेशन हे उत्तर नव्हे, आणि तसे भासवणे ही शेतकऱ्याची चेष्टा होईल. अत्यंत विषारी कीटकनाशके बाजारातून हटवणेही सरकारचेच काम आहे. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने तशी बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले.

पण धोरण पिकायला वर्षे लागतात आणि विष चढायला काही तास. त्या मधल्या वेळात माणूस जगला तरच कर्जमाफीचा किंवा हमीभावाचा त्याला उपयोग. कारखान्यातील पाचशे जणांसाठी परिचारिका असावी हे आपल्याला पाऊणशे वर्षांपूर्वी पटले. त्याच रस्त्याच्या पलीकडे, तुतीच्या आणि टोमॅटोच्या शेतात राबणाऱ्यांचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. तो मांडण्याची सुरुवात होसकोट्यासारख्या तालुक्यातून व्हायला हरकत नाही.