फुलोऱ्यातील नवी वेणी

ज्येष्ठागौरी, म्हणजे आम्हा मराठवाड्यातील लोकांच्या महालक्ष्म्या, अनुराधा नक्षत्रावर घरी येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. त्यांच्यावर बांधावयाच्या फुलोऱ्यात करंजी, साटोरी, वेणी, फणी, करंडा हे तळलेले जिन्नस असावेत, हा आमच्या तुळजापूरच्या घरातील पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ.

गतवर्षी आमच्या सूनबाईंनी त्यात एक नवा जिन्नस केला. दह्यात भिजविलेल्या मैद्यावर थिजलेल्या लोण्याचे थर देऊन घड्या घातल्या, आत खवा, बेदाणे व वेलदोडा यांचे सारण भरले, त्याची वेणी घातली आणि ती ओव्हनमध्ये भाजली. डेन्मार्क-स्वीडनकडे घरोघरी असे गोड भरलेले पदार्थ भाजतात, असे त्या कौतुकाने सांगू लागल्या. आम्ही ताटाकडे पाहिले आणि म्हणालो, "हे मुलांना द्या, देवीपुढे नको." त्या काही बोलल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या.

पुढे काही दिवसांनी तेर येथे आमचे कीर्तन होते. आख्यान मांड्यांचे. विसोबांनी कुंभारांना खापर देण्याची मनाई केली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रज्वलित केला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. हे सांगता सांगता आमची जीभ अडखळली. खापर नाकारणारे ते विसोबा. आणि भट्टी नाकारणारे आम्ही! तेही कोठे, तर ज्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मडकी पारखली, त्यांच्या गावी! त्या दिवशी कच्चे ठरलेले नामदेव पुढे पश्चात्तापदग्ध विसोबांपाशीच पक्के झाले, ही कथा आपण सारे जाणताच. आमचे मडके मात्र साठी उलटूनही कच्चेच निघाले.

घरी येऊन पोथ्या काढल्या. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले अन्न वर्ज्य सांगितले आहे, परंतु दही व दह्यापासून झालेले पदार्थ त्यातून वगळले आहेत. स्नेहयुक्त अन्न शिळे झाले तरी भक्ष्य मानले आहे. आपल्या नळदुर्गापलीकडील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12 व्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात पालथ्या खापरावर भाजावयाच्या मंडकांचे, म्हणजे मांड्यांचेच, वर्णन आहे. सारांश, भाजलेले पक्वान्न आपणांस परके नाही. थरांचे म्हणाल, तर चिरोट्याला आणि करंजीला आपल्या आज्या तुपात तांदळाचे पीठ फेटून साटा लावीत आल्या, त्याचे तत्त्व तेच. जग ज्या पदार्थाला डॅनिश म्हणते, त्याला खुद्द डेन्मार्कमध्ये व्हिएन्नाचा पाव म्हणतात! आणि त्या उत्तरेकडील लोकांना इतका प्रिय असलेला वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण रांगांमधला. पक्वान्ने अशीच घरे बदलीत येतात.

मग मर्यादा कोणती? आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. परदेशी कृतीत बहुधा अंडे असते. ते नैवेद्यात नसावे. पदार्थ शुचिर्भूतपणे घरीच केलेला असावा, दुकानातून डबा आणून मांडलेला नसावा, आणि देवीआधी कोणी चाखलेला नसावा. तिसरी गोष्ट अशी की, नव्याने जुन्याला हुसकावू नये. फणी-करंड्याचे आकार ज्यांच्या हातांत आहेत, त्या सासवांनी ते सुनांना शिकवावेत. सुनांनी ते शिकावेत, आणि मग आपली वेणी शेजारी बांधावी.

वाचकहो, सोवळे हे अन्न शुद्ध राहावे म्हणून आहे. करणारीचे मन मोडावे म्हणून नव्हे. आमच्या घरी त्या दिवशी ताट आत गेले, तेव्हा घरची लक्ष्मीही विन्मुख झाली, हे आम्हांस तेरच्या मंडपात उमगले. उमगूनही सूनबाईंपाशी बोलावयास जीभ रेटेना. कीर्तनात हजारांपुढे चालणारी जीभ स्वतःच्या माजघरात वर्षभर मुकी राहिली. म्हणून आज या पानावरून सांगतो: चूक आमची होती. यंदा फुलोऱ्यात ती वेणी बांधावी. दोरा आम्ही स्वहस्ते ओवू.