मोटारीची वीज आणि पंपाची वीज

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणला विजेवर धावणाऱ्या मोटारी तयार होतात. त्याच रस्त्याने पुढे मंचर, नारायणगाव ओलांडताना आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतला ऊस दिसू लागतो, आणि पुण्यासारख्या महानगराला अशा मोटारी कितपत पेलतील हे ठरवताना या उसाचाही हिशेब धरावा लागतो.

एक युनिट म्हणजे एक किलोवॉटचा भार तासभर चालवणारी वीज. तेवढ्यात लहान मोटार सहा-सात किलोमीटर जाते, त्यामुळे शहरातली दिवसाची चाळीस किलोमीटरची धाव सहा-सात युनिटांत भागते. अडचण युनिटांची नसून भाराची, म्हणजे एका वेळी किती वीज ओढली जाते याची आहे. घरी बसवलेला 7.2 किलोवॉटचा चार्जर पाच अश्वशक्तीच्या जवळजवळ दोन कृषिपंपांइतका भार घेतो, आणि कामावरून परतलेले शहर तो साधारण एकाच सुमारास सुरू करते. शिवाय रात्रीची वीज मुख्यतः कोळशाची असल्याने पुण्यातला धूर काही अंशी कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांकडे सरकतो.

तिकडे आंबेगाव-जुन्नरमध्ये कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्याने बस्तान बसवले, आणि पंपाला लागणारी थ्री-फेज वीज पाळीने रात्रीही येत असल्याने शेतकऱ्याला अंधारात पाणी भरायला जावे लागते. म्हणून दिवसा वीज मिळावी ही इथली मागणी सोयीची नव्हे, जिवाची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा (2017; दुसरा टप्पा 2023) हेतू हाच, की उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्या, म्हणजे फीडर, दिवसा चालवाव्यात.

पंप दिवसा चालू लागले की रात्रीचा भार हलका होतो आणि ती जागा शहरातल्या चार्जरना मिळू शकते, मात्र कोळशासकट. स्वच्छ वीज हवी तर कचेऱ्यांच्या वाहनतळांवर दुपारीच चार्जिंग करावे लागेल, आणि तिथे मोटार व पंप एकाच उन्हाचे वाटेकरी ठरतात. अशा वेळी पंपाचा हक्क पहिला मानावा. त्यामागोमाग एसटीचा, कारण 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली, शिवनेरीवरच्या देवीचे नाव मिरवणारी ‘शिवाई’ ही तिची विजेवरची बस एका खेपेत चाळीसेक माणसे नेते. खासगी मोटारीचा क्रम त्यानंतर यावा, कारण दिवसातले बहुतेक तास ती उभीच असते.