यजमानपदाचा खर्च आणि मतदाराचा कौल

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. आता महाराष्ट्रातील शहरांनीही अशी स्वप्ने का पाहू नयेत, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी, पदरात पडलेले यजमानपद परत करणाऱ्या अमेरिकेतील डेन्व्हर शहराकडे पाहिले पाहिजे.

१९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकचा मान डेन्व्हरला मे १९७० मध्ये मिळाला. त्यासाठी खटपट केली ती राज्याचे गव्हर्नर, बँका, हॉटेलवाले आणि बर्फावरील खेळांचे व्यावसायिक यांनी. करदात्यास कोणी विचारले नव्हते. १ कोटी ४० लाख डॉलरचा प्रारंभीचा अंदाज पाहता पाहता साडेतीन कोटींवर गेला. ज्या डोंगरउतारावर पुरेसे बर्फ पडत नाही, तेथे छायाचित्रात रंगाने बर्फ दाखविण्यात आले होते! रिचर्ड लॅम या तरुण आमदाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी सह्या गोळा करून हा प्रश्न मतपेटीपर्यंत नेला. वृक्षतोडीने अस्वस्थ झालेला विद्यार्थी आणि एरवी त्याच्याशी एका शब्दानेही सहमत न होणारा, करवाढीला विटलेला सनातनी गृहस्थ येथे एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९७२ रोजी कोलोरॅडोतील सुमारे साठ टक्के मतदारांनी या स्पर्धांवर राज्याचा पैसा खर्च करण्यास मनाई केली. त्याच दिवशी त्याच राज्याने अध्यक्षपदासाठी निक्सन यांना भरघोस मते दिली. म्हणजे हा डाव्यांचा विजय नव्हता. हिशेब मागणाऱ्यांचा होता. स्पर्धा ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला गेल्या आणि लॅम १९७४ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले.

आपल्या शेजारच्या गोव्यात नेमके उलटे घडले. छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा तेथे २०१६ मध्ये व्हावयाच्या होत्या. अपुरी बांधकामे, २०१९ ची लोकसभा निवडणूक, मग महामारी अशा कारणांनी त्या लांबत गेल्या. पार्सेकर, पर्रीकर, सावंत असे तीन मुख्यमंत्री या काळात झाले. अखेर त्या स्पर्धा २०२२ मध्ये गुजरातने भरविल्या आणि गोव्याच्या वाट्याला २०२३ मध्ये सदतिसाव्या आल्या. स्पर्धा हव्यात की नकोत, हे गोमंतकीय मतदारास मधल्या सात वर्षांत कोणी विचारले नाही.

सोलापुरात तरी कोण विचारणार? आपल्याकडे वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. क्रीडांगणावरील कोट्यवधींच्या खर्चासाठी तशी सोय नाही. येथील पार्क मैदानाचे नूतनीकरण स्मार्ट सिटी योजनेतून, म्हणजे त्यासाठी स्थापन केलेल्या कंपनीमार्फत झाले. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या या शहरात पाइपलाइन आधी की प्रेक्षागृह आधी, हा प्रश्न निदान नगरसेवकांनी सभागृहात मांडावा, अशी अपेक्षा असते. परंतु मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत महानगरपालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. त्या काळातील अंदाजपत्रके प्रशासकांनी तयार केली आणि प्रशासकांनीच मंजूर केली.