राजीनामा देतो कोण, घेतो कोण?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने २०२५ च्या जुलैअखेरीस आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून काही अधिक, कपात करण्याचे जाहीर केले. जूनअखेर या कंपनीच्या पटावर ६,१३,०६९ माणसे होती. सप्टेंबरअखेर ती ५,९३,३१४ उरली. तीन महिन्यांत १९,७५५ माणसांची घट. यांपैकी किती आपणहून गेली, किती काढली गेली आणि किती जणांना 'आपणहून' जाण्यास सांगितले गेले, हे या आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. पुण्यातील 'नाइट्स' या संघटनेने एकट्या पुण्यातून सुमारे अडीच हजार जणांना जावयास भाग पाडल्याची तक्रार मुख्यमंत्र्यांकडे केली. कंपनीने ही माहिती चुकीची असल्याचे सांगितले. त्यातले खरेखोटे ठरविणे हे कामगार खात्याचे काम आहे. आम्हांस येथे निराळाच मुद्दा मांडावयाचा आहे. सातपूरच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात कामगार-कपात व्हावयाची तर ज्येष्ठतेची यादी लागते, नोटीस लागते, सरकारकडे परवानगीचा अर्ज लागतो. त्या अर्जावर युनियनचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. संगणक-व्यवसायात मात्र मागे राहतात ते राजीनामे. कपात झाल्याचा कागदोपत्री पुरावाच उरत नाही.

हा हिंजवडीचा प्रश्न, नाशिकचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणारे साथी आम्हांला भेटतात. त्यांनी शुक्रवारी रात्री पुण्याहून येणाऱ्या गाड्या एकदा पाहाव्यात. नोटप्रेस, ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडच्या वसाहती यांतून ज्यांनी आयुष्यभर पाळ्या केल्या, त्यांचीच ही मुले-मुली आहेत. बापाच्या पगारातून, म्हणजे युनियनने एकेक करार करून वाढवून घेतलेल्या पगारातून, त्यांचे अभियांत्रिकीचे शुल्क भरले गेले. शिवाय हे काम आता शहराबाहेरचे राहिलेले नाही. डब्ल्यूएनएस कंपनीचे केंद्र नाशिकमध्ये आहे. २०२५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने ही सबंध कंपनी ३.३ अब्ज डॉलरला विकत घेतली. रात्री पाळीच्या मुलांना घेऊन निघालेल्या गाड्या हे नाशिकच्या रस्त्यांवरचे परिचित दृश्य झाले आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

या धंद्याचे अर्थशास्त्र फारसे गूढ नाही. परदेशी ग्राहकाला तासांच्या वा दिवसांच्या हिशेबाने माणसाचे श्रम विकावयाचे, किंमत डॉलरमध्ये घ्यावयाची आणि मजुरी रुपयांत द्यावयाची. विकला गेलेला दिवस तो उत्पन्नाचा. न विकला गेलेला दिवस तो तोट्याचा. ज्याचे दिवस तूर्त विकले जात नाहीत, असा माणूस 'बेंच'वर बसतो. मार्क्सने ज्या राखीव फौजेचे वर्णन केले ती कारखान्याच्या दाराबाहेर उभी असे. येथे ती आतच, पगारावर बसविलेली आहे, आणि म्हणूनच ती मालकाच्या डोळ्यांत अधिक सलते. टी.सी.एस.ने जून २०२५ मध्ये नियम केला, की प्रत्येकाचे वर्षाला किमान २२५ दिवस ग्राहकाच्या खात्यावर लागले पाहिजेत आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांच्या पुढे जाता कामा नये. वरवर पाहता यात वावगे काही नाही. परंतु काम आणणे हे कोणाचे काम? ग्राहक मिळविणे, प्रकल्प मिळविणे, कोणाला कोठे नेमावयाचे ते ठरविणे, ही सर्व मालकाची कामे. त्यातील जोखीम घेतो म्हणूनच तर नफ्यावर आपला हक्क आहे, असे भांडवलदार इतकी वर्षे सांगत आला! या नियमाने ती जोखीम अलगद उचलून पगारदाराच्या माथी ठेवली आहे. नफा मात्र जेथे होता तेथेच आहे.

पगाराचीही गोष्ट पाहावी. सुमारे २०१२ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांत नव्या अभियंत्याला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास मिळत. बारा वर्षांनंतर बहुसंख्यांना मिळणारा आकडा साडेतीन लाखांच्याच आसपास घोटाळत होता. याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक १०० वरून १९० च्या पुढे गेला. म्हणजे पहिल्या नोकरीचे खरे वेतन जवळपास निम्म्यावर आले. कोणत्याही गिरणीत असे घडले असते तर संप झाला असता. येथे संप तर नाहीच, उलट नोकरी मिळाल्याबद्दल पेढे वाटले जातात. पेढे वाटणाऱ्यांना आम्ही हसत नाही. बेकारीचे मान काय आहे ते आम्हांस ठाऊक आहे.

राजीनामा कसा घेतला जातो, याचे वर्णन आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून वेळोवेळी ऐकले आहे. कंपन्यांची नावे निरनिराळी, परंतु कथा इतकी सारखी की जणू एकाच हाताने लिहिलेली. संगणकाच्या पडद्यावर अर्ध्या तासाच्या बैठकीचे निमंत्रण येते. विषय लिहिलेला नसतो. बैठकीत मनुष्यबळ विभागाचे कोणीतरी असते आणि ते अतिशय गोड बोलते. तुमच्यासाठी सध्या काम नाही. आजच राजीनामा दिलात तर दोन-तीन महिन्यांचा पगार आणि चांगले मुक्तिपत्र मिळेल. न दिलात तर 'काढून टाकले' अशी नोंद होईल. विचार करावयास वेळ मागितला तर संध्याकाळपर्यंतचा मिळतो. त्याच कंपनीत नोकरी सोडू इच्छिणाऱ्या माणसाने पुष्कळदा नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन पक्षांच्या तथाकथित समान कराराचे स्वरूप कळते. माणूस सही का करतो? कारण पुढची कंपनी मागच्या कंपनीचे मुक्तिपत्र पाहिल्याशिवाय दारात उभे करीत नाही, आणि पाथर्डी फाट्यावरच्या घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मी राजीनामा दिला असं आईलाही खरं वाटलं." आपल्याला काढले, हे घरी सांगण्याचीही तिला लाज वाटत होती.

त्या लाजेची मशागत पद्धतशीर होते. वर्षाअखेरीस प्रत्येकाला श्रेणी दिली जाते, आणि कित्येक ठिकाणी अमुक टक्के माणसे तळाच्या श्रेणीत बसलीच पाहिजेत असा दंडक असतो. त्यासाठी घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेचा आधार दिला जातो. ज्याने आयुष्यभर संख्याशास्त्राचे प्राथमिक धडे शिकविले त्याला हे ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. ती रेषा हजारो मोजमापांतून आपोआप उमटते. निवडून घेतलेल्या दहा माणसांच्या गटावर ती लादता येत नाही. लादली, की मग दहाही जण उत्तम काम करीत असले तरी एकाला निकृष्ट ठरवावेच लागते. पुढे त्याच श्रेणीचा कागद त्याच्या समोर धरला जातो.

कायदा काय म्हणतो? औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा होता, कारकुनी काम करणाराही होता. वगळलेला होता तो खरोखर व्यवस्थापन करणारा आणि ठरावीक पगारावरचा देखरेख करणारा. हुद्द्यावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामावरून कामगार ठरतो, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तांत्रिक व कारकुनी काम व्याख्येत ठेवले आहे. म्हणजे पाटीवर 'असोसिएट' लिहिले, 'कन्सल्टंट' लिहिले, तरी संगणकावर आज्ञावली लिहिणारा वा हिशेब तपासणारा कायद्याच्या बाहेर जात नाही. कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी मात्र जुन्या कायद्यातही कारखाने, खाणी व मळे यांनाच लागे. संहितेने तेथील मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेऊन ठेवली. संगणक-कचेरीला ते संरक्षण कधीच नव्हते. उरते ती एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई. परंतु स्वेच्छेने नोकरी सोडणे ही कपात नव्हे, असेही तोच कायदा सांगतो. राजीनाम्याच्या कागदाची एवढी तातडी का असते, त्याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

लढून काही मिळत नाही, हेही खरे नाही. जानेवारी २०१५ मध्ये चेन्नईतील टी.सी.एस.च्या एका गर्भवती कर्मचारी स्त्रीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली; न्यायालयाने तिच्या बडतर्फीस अंतरिम स्थगिती दिली आणि पुढे कंपनीने ती बडतर्फी मागे घेतली. २०१६ मध्ये तामिळनाडू सरकारने संगणक-कर्मचाऱ्यांना युनियन करण्याचा हक्क आहे असे स्पष्ट केले. २०१७ मध्ये कर्नाटकात त्यांची युनियन रीतसर नोंदली गेली. पुण्यात २०२४ साली एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत सव्वीस वर्षांच्या तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेले पत्र देशभर गाजले. तेव्हा कामगार खात्याचे अधिकारी तपासणीस गेले, आणि २००७ पासून चालू असलेल्या त्या कचेरीने दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच केलेली नव्हती, असे आढळले. पानाच्या टपरीवाल्यालासुद्धा ज्या गुमास्ता कायद्याची भीती असते, त्याची ही कथा! आणि याच राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये आस्थापनांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली.

आमच्या चळवळीकडेही थोडा दोष येतो. ही पांढरपेशी मुले, त्यांना वर्गजाणीव कोठली, असे आपण परस्पर ठरवून मोकळे झालो. बँकेतल्या बाबूंविषयीही १९४६ पूर्वी असेच बोलले जात असे. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना उभी राहिली आणि लवादांपुढे भांडून तिने वेतनश्रेणी मिळविल्या. टाय लावून बॅग घेऊन फिरणाऱ्या औषधविक्री प्रतिनिधींनी १९७६ चा स्वतंत्र कायदा मिळविला. संगणकाच्या मुलांची अडचण अशी, की त्यांच्या कंपनीला द्वारसभा घेता येईल असे दारच नाही. अर्धी माणसे घरून काम करतात आणि शेजारच्या खुर्चीवरचा गेला हे त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझल्यावर कळते. त्यांना गाठण्याची जागा म्हणजे त्यांचे घर. ते घर आपल्या सातपूर-अंबडच्या जुन्या सभासदाचे आहे, आणि शनिवार-रविवार मुलगा तेथेच असतो.

त्या घरी जाणाऱ्या साथीने तत्त्वज्ञान सांगण्याआधी पुढील गोष्टी सांगाव्यात. दडपणाखाली त्याच बैठकीत राजीनामा देऊ नये. जे सांगावयाचे ते लेखी द्या, असे म्हणावे. बैठकीचा दिवस, वेळ, उपस्थितांची नावे आणि झालेले बोलणे त्याच रात्री लिहून काढून स्वतःच्या खाजगी ई-मेलवर ठेवावे, कारण कंपनीचा संगणक दुसऱ्या दिवशी उघडेलच असे नाही. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, श्रेणीचे कागद यांच्या प्रती आजच घरी असू द्याव्यात. ग्राहकाच्या कामाची मात्र एकही ओळ त्यात नसावी, नाहीतर मालकाच्या हाती आयते कारण लागते. सही होऊन गेली असेल, तरी ती दबावाखाली घेतली गेली असे कळविणारे पत्र विनाविलंब पाठवावे आणि त्याची प्रत कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांची आहे.