पेढे वाटण्यापूर्वी

गेल्या ज्येष्ठात अंत्रुज महालातील एका देवस्थानी आम्ही दर्शनास गेलो असता सभामंडपात पेढ्यांचे ताट फिरत होते. गोवा सोडून मुंबईस व तेथून अमेरिकेस गेलेले एक कुटुंब कुलदेवतेचा नवस फेडावयास आले होते. नातवाचे कॉलेजशिक्षण ‘फुकट’ झाले, याचा तो आनंद. सैन्याने शिष्यवृत्ती दिली, चार वर्षांची फी सरकार भरणार, वर दरमहा हातखर्चही देणार, असे आजोबा ज्याला त्याला सांगत होते. तेवढ्यात देवस्थानच्या वृद्ध भटजींनी पेढा हातात घेऊन विचारले, “आणि याच्या बदल्यात चिरंजीवांनी काय द्यावयाचे?” आजोबांनी मुलाकडे पाहिले, मुलाने सुनेकडे पाहिले. सूनबाई म्हणाल्या, “तसे विशेष काही नाही, पुढे थोडी वर्षे नोकरी करायची.” नातू मात्र गप्प होता.

भटजींच्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या घरात कोणास ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक असावे, तो बोलत नव्हता. तो प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवतो. कारण ज्यांचे कोणी ना कोणी सातासमुद्रापलीकडे नाही, अशी घरे आता आपल्यांत थोडीच राहिली आहेत.

अमेरिकेतील या योजनेचे नाव ‘रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनी देऊन जी महाविद्यालये उभारली, तेथे इतर विद्यांबरोबर युद्धविद्याही शिकवावी असे ठरले. पुढे १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने या शिक्षणास आजचे नाव व रूप मिळाले. नौदलाने १९४६ साली आणि भूदल व वायुदलाने १९६४ च्या कायद्यान्वये या शिक्षणास मोठ्या शिष्यवृत्तीची जोड दिली. म्हणजे छात्रसेना आधी आली, फीचे आमिष मागाहून आले. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता देणे-घेणे पाहू. भूदलाच्या शिष्यवृत्तीत कॉलेजची फी व आकार मिळतात, अथवा त्याऐवजी राहण्या-जेवण्याचा खर्च मिळतो, दोन्ही नव्हे. पुस्तकांसाठी वर्षास १,२०० डॉलर आणि शिक्षणाच्या महिन्यांत दरमहा ४२० डॉलर मिळतात. हे झाले घेणे. देणे असे की, पदवीनंतर एकंदर आठ वर्षे तो तरुण सैन्याचा बांधील. पूर्णवेळ सेवेसाठी निवड झाली तर साधारणतः चार वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि उरलेली वर्षे राखीव यादीत, जेथून गरज पडताच बोलावणे येऊ शकते. कोणत्या शाखेत जावयाचे याविषयी तो आपली इच्छा कळवू शकतो, निर्णय सैन्याचा. अभ्यासात वा शारीरिक कसोटीत मागे पडला, किंवा मध्येच नको म्हणाला, तर दिलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते, किंवा अधिकारी नव्हे तर साधा शिपाई म्हणून सेवेस बोलावले जाऊ शकते. आणि या दोहोंतून निवड करण्याचा अधिकार विद्यार्थ्याचा नसतो.

यास शिष्यवृत्ती म्हणावे काय? आमच्या भाषेत ज्याची परतफेड करावी लागते त्यास ऋण म्हणतात, आणि जे कामाच्या मोबदल्यात आगाऊ मिळते त्यास उचल म्हणतात. उचल घेणे पाप नव्हे. पण उचल घेऊन आलेल्या मुलाला दान मिळाले म्हणून घरच्यांनी पेढे वाटावे, ही भाषेची फसवणूक आहे. आणि भाषेची फसवणूक झाली की व्यवहाराची फसवणूक व्हावयास वेळ लागत नाही.

खाल्ल्या मिठाचे बंधन किती जड असते हे महाभारत ऐकत वाढलेल्या समाजास आम्ही सांगावयास नको. युद्धारंभी युधिष्ठिर कवच उतरवून, पायी चालत भीष्म-द्रोणांच्या दर्शनास गेला. त्या वेळी त्या थोर पुरुषांनी कोणती कबुली दिली? आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, ही. धर्म कोणत्या बाजूस आहे हे त्यांस कळत होते, तोंडी आशीर्वादही त्या बाजूसच होता. धनुष्य मात्र दुसऱ्या बाजूस होते. जे भीष्मांस सुटले नाही ते सतरा वर्षांच्या पोरास सुटेल काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली निर्वाळा दिला आहे की, सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे शस्त्र नाकारावयाचे तर विरोध युद्धमात्राला असला पाहिजे; अमुक एक युद्ध अन्याय्य वाटते एवढे कारण पुरत नाही. सही करताना कोणते युद्ध पुढे वाढून ठेवले आहे हे कोणास दिसते? सप्टेंबर २००१ च्या पहिल्या आठवड्यात ज्यांनी सह्या केल्या असतील, त्यांस अफगाणिस्तान आणि इराक यांचे स्वप्न तरी पडले होते काय?

येथे आमच्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: तुम्ही सैन्याचे शत्रू. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. मराठा पलटणीचे केंद्र ज्या बेळगावात आहे आणि सैन्याच्या विद्यालयांसाठी प्रसिद्ध असलेले महू ज्या इंदूरच्या शेजारी आहे, तेथील वाचकांसमोर शिपाईगिरीची निंदा करण्याचे पाप आमच्या हातून घडणार नाही. १९७० साली ओहायोतील केंट येथे या छात्रसेनेची इमारत जाळणाऱ्यांच्या पंथातलेही आम्ही नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, सैनिक होऊ इच्छिणाऱ्याने सैनिकाच्या दाराने आत जावे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जो मुलगा जातो त्याच्या शिक्षणाचा खर्च सरकारच करते. पण तो आणि त्याचे आईबाप पहिल्या दिवसापासून जाणतात की, आपला मुलगा सैनिक होण्यास निघाला आहे. उलट आपल्याकडील राष्ट्रीय छात्रसेना पहा. ती १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. त्या कायद्यातच लिहिले आहे की, तिचा सभासद झाल्याने कोणावर रणांगणी जाण्याची जबाबदारी येत नाही. एका ठिकाणी बंधन आहे आणि ते उघड आहे. दुसऱ्या ठिकाणी बंधनच नाही. अमेरिकेतील शिष्यवृत्तीत मात्र दारावरची पाटी कॉलेजची, आणि आतला रस्ता छावणीचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही योजना नसती तर सामान्यांच्या किती मुलांस पदवी मिळाली असती? आणि मग जनरल कॉलिन पॉवेल यांचे नाव पुढे केले जाते. जमैकाहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातील छात्रसेनेतून १९५८ साली अधिकारी झाला आणि १९८९ साली अमेरिकेच्या सेनाप्रमुखांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. उदाहरण थोर आहे. पण ते आमच्या बाजूचे आहे! पॉवेल शिकत होते त्या काळी सिटी कॉलेजात शहरातील विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेतली जात नसे. ती प्रथा १९७६ साली बंद पडली. म्हणजे पॉवेल यांनी गणवेश चढविला तो फी भरण्यासाठी नव्हे. तो आवडला म्हणून चढविला, आणि आवडला नसता तर उतरवूनही त्यांची पदवी अडणार नव्हती. स्वेच्छा म्हणतात ती ही. फी नसताना जो सैन्यात जातो तो स्वयंसेवक. फी भरता येत नाही म्हणून जो जातो त्यास स्वयंसेवक म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

आज त्या देशात विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्जाचा डोंगर दीड लक्ष कोटी डॉलरांहून उंच झाला आहे. सक्तीची लष्करभरती १९७३ साली थांबली हे खरे. पण कॉलेजच्या फीचे आकडे असेच चढत राहिले तर सक्तीचे काम सरकारने करावयाची गरज काय? ते काम फीच करील. श्रीमंताच्या मुलापुढे कॉलेज आणि सैन्य अशा दोन वाटा असतात. गरिबाच्या आणि मध्यमवर्गीयाच्या मुलापुढे मात्र एक वाट दुसरीतून काढून दिली जाते, आणि तिचेच नाव संधी! यात दोष त्या मुलाचा नाही, त्यास शिकविणाऱ्या अधिकाऱ्यांचाही नाही. ज्या राज्यव्यवस्थेने विद्येस इतके महाग केले, तिचा आहे. त्याच देशाने १९४४ साली कायदा करून महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांस शिक्षण दिले होते. तेथे सेवा आधी झाली होती आणि शिक्षण हे तिचे पारितोषिक होते. आज कोवळ्या वयाच्या मुलाकडून पुढची आठ वर्षे आधीच लिहून घेतली जातात.

कोणी म्हणेल, नोकरी म्हटली की बांधिलकी आलीच. हो, आली. पण नोकरीचा राजीनामा देता येतो. ही सेवा आपल्या मर्जीने सोडता येत नाही, आणि तीत प्राण पणास लागतो. एवढा फरक ज्यास दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तर मग करावे काय? केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. पहिली गोष्ट, करारपत्र घरात मोठ्याने वाचावे. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर आईबापांचीही संमती लागते; ती देताना डोळे उघडे असावेत. शिष्यवृत्ती जाहीर झाली तरी वैद्यकीय तपासणी पार पडेपर्यंत ती पक्की नसते, आणि अमेरिकेचे नागरिकत्व असल्यावाचून ती मिळतच नाही, हेही आधी समजून घ्यावे. दुसरी गोष्ट, चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्या वर्षाचा आरंभ होण्यापूर्वी कोणतीही परतफेड न करता बाहेर पडता येते. हे पहिले वर्ष म्हणजे परीक्षेचा काळ समजावा, आणि त्याच्या अखेरीस मुलास एकट्यास बसवून विचारावे: बाबा रे, फी नसती तरी तू हा गणवेश घातला असतास काय? उत्तर ‘हो’ आले तर त्यास आनंदाने ओवाळावे. ‘नाही’ आले तर त्यास तेथूनच परत आणावे आणि स्वस्त कॉलेज शोधावे. लोक काय म्हणतील याची पर्वा करू नये.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांची आहे. वार लावून जेवून आणि माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. ज्या घरांनी ते वार दिले, त्यांनी त्या मुलांकडून कोणता करार लिहून घेतला होता? पोर शिकले एवढ्यावर त्यांचे समाधान होते. आज तेच समाज इकडे देवळांच्या शिखरांवर सोने चढवितात आणि तिकडे मंडळांच्या सभागृहांवर लक्षावधी डॉलर खर्च करतात. पण फीसाठी अडलेल्या एका हुशार मुलास बिनशर्त हात देण्यास निधी नाही म्हणतात. मग सैन्याने तो हात दिला आणि हात धरून नेले, तर तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची?

त्या दिवशी प्रदक्षिणा घालताना तो नातू आमच्या पुढे चालत होता. मुलगा उंच होता, देखणा होता. तो आवडीने निघाला होता की आजोबांच्या आनंदासाठी, हे आम्ही विचारले नाही. ते विचारण्याचा अधिकार त्याच्या घरच्यांचा होता, आणि त्यांनी तो बजावला असता तर ताट फिरण्यास चार दिवस उशीर झाला असता, इतकेच. देवास उशिराचे पेढेही चालतात.